राजा-गुलाम, रंग वेगळे : आखाजीपर्यंतच्या प्रकल्प नोंदी

२ मार्च २०२५, रविवार, धुळे

गेल्या आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, वही आज कपाटातून काढली. अमळनेर तालुक्यातलं माहेर, ओट्यावर सतरंजी, सात जण, आणि पुण्याला शिकणाऱ्या भाच्याने सगळ्यांना शिकवलेला टेक्सस होल्डेम, पोकरचा एक प्रकार. आमच्याकडे आखाजीचे पत्ते म्हणजे तीन पत्ती नाहीतर झन्नामन्ना, आणि तेही पुरुषांनी खेळायचे. माहेरवाशिणींनी झोक्यावर बसायचं, गौराईची गाणी म्हणायची. मी त्या सतरंजीवर पहिल्यांदा बसले ते एका अटीवर : पैसे नाहीत, चिंचोके. प्रत्येकाला दोनशे. कापसाचे आलेले पैसे आखाजीच्या दोन-तीन दिवसांत पत्त्यांवर गेलेली घरं मी लहानपणी पाहिली आहेत. या अटीवरून मी हटणार नाही.

होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात. मध्ये पाच पानं उघडतात : आधी तीन एकदम, तो फ्लॉप, मग एक, ते टर्न, शेवटी एक, ते रिव्हर. आपली दोन आणि मधली पाच अशा सातांतून उत्तम पाच धरायची. चालींच्या चार फेऱ्या होतात, आणि कुठल्याही फेरीत पॅक करता येतं, म्हणजे पानं टाकून डाव सोडता येतो.

मी त्या दोन दिवसांत साधारण २२० डाव खेळले आणि प्रत्येक डाव टिपला. मला चटका लावून गेलेली पानं एकाच जातीची होती : राजापासून दश्शीपर्यंतची दोन मोठी पानं, जोडी नाही, आणि दोघांचे रंग (इस्पिक, बदाम, चौकट, किलवर) वेगळे. याला ऑफसूट म्हणतात. अशी पानं ११ वेळा आली आणि मी अकराही वेळा खेळले. ७ डाव जिंकले, मिळून ३८ चिंचोके. ४ हरले, मिळून १५१. चारपैकी तीन हरलेल्या डावांत फ्लॉपवरच मला जोडी लागलेली होती. पान लागूनही हरले, हे मला वर्षभर सलतंय.

मी संख्याशास्त्र शिकवते. ११ डावांवरून काही ठरत नाही हे मलाच माहीत असायला हवं. म्हणून हा प्रकल्प. एकच हात घ्यायचा, राजा-गुलाम ऑफसूट, आणि तो कधी खेळायचा, कधी ठेवून द्यायचा याचा एक कागद ३० एप्रिलच्या आखाजीआधी तयार करायचा.

९ मार्च, रविवार

आधी मोजणी. ५२ पानांतून दोन पानं १,३२६ प्रकारे येतात. रंगांची नावं बाजूला ठेवली तर खरे वेगळे हात १६९ : १३ जोड्या, ७८ एकरंगी, ७८ वेगळ्या रंगांचे. पण ते सारख्या प्रमाणात येत नाहीत. प्रत्येक जोडी ६ प्रकारे, एकरंगी हात ४ प्रकारे, ऑफसूट १२ प्रकारे. म्हणजे १,३२६ पैकी ९३६ ऑफसूट, दहातले सात. राजा-गुलाम ऑफसूट १२ प्रकारे, साधारण ११० डावांत एकदा.

एकरंगी असण्याने नेमकं काय मिळतं तेही काढलं. इस्पिकचा राजा आणि इस्पिकचाच गुलाम हातात असेल तर रिव्हरपर्यंत इस्पिकचा फ्लश, म्हणजे एकाच रंगाची पाच पानं, होण्याची शक्यता ६.४ टक्के. रंग वेगळे असतील तर मधल्या पाचांत आपल्या दोनपैकी एका रंगाची चार पानं यावी लागतात, ती शक्यता १.८५ टक्के. फरक छोटा वाटतो. पण एकरंगी हाताला फ्लॉपवर आणखी एक गोष्ट मिळते, फ्लशची आशा, म्हणजे आपल्या रंगाची आणखी दोन पानं. ती ११ टक्के वेळा येते, आणि तिच्या जोरावर चाल करता येते. ऑफसूट हाताकडे तो जोर नाही. त्याला जोडी लावूनच जिंकावं लागतं.

१५ मार्च, शनिवार

धुळवडीचा रंग अजून नखांत आहे. सकाळपासून संगणकावर पायथन भाषेत हात ओळखणारा भाग लिहिला : सात पानं द्यायची, त्यातून पाचाचे २१ गट, सर्वांत मोठा निवडायचा. मग तपासणी. पाच पानांचे एकूण २५,९८,९६० हात आहेत आणि प्रत्येक प्रकार किती वेळा यायला हवा हे हाताने काढता येतं. माझे आकडे चुकले. स्ट्रेट, म्हणजे ओळीने पाच पानं, १०,२०० यायला हव्यात, आल्या ९,१८०. फ्लश ५,१०८ च्या जागी ५,११२.

फरक १,०२० आणि ४. एका ठरावीक स्ट्रेटचे प्रकार बरोबर १,०२० असतात, आणि तीच स्ट्रेट एकाच रंगात ४ प्रकारे. म्हणजे एकच स्ट्रेट सुटली होती. एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजी. माझ्या कार्यक्रमात एक्का फक्त १४ होता, १ कधीच नव्हता. दोन ओळी बदलल्या आणि सगळे आकडे जुळले.

संध्याकाळी आण्णांना फोनवर सांगितलं. ते सत्तर वर्षांचे, तीन पत्तीत मुरलेले. त्यांना एक्का-दुर्री-तिर्री म्हणजे एक्का-राजा-राणीच्या खालोखालची सिक्वेन्स. पोकरमध्ये एक्क्याची ही स्ट्रेट सगळ्यांत लहान. तेवढं त्यांनी मान्य केलं, पण दुसरं नाही : "तीन पानस्मा सिक्वेन्स मोठी, आनि पाच पानस्मा कलर मोठा? हाई कसं व माय?"

प्रश्न इतका चांगला होता की मी लगेच मोजून दाखवलं. तीन पानांचे हात २२,१००. त्यात कलर, म्हणजे एकाच रंगाची पानं, १,०९६, सिक्वेन्स ७२०. जे दुर्मीळ ते मोठं, म्हणून सिक्वेन्स मोठी. पाच पानांत उलट : स्ट्रेट १०,२००, फ्लश ५,१०८. म्हणून फ्लश मोठा. आण्णा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, बरोबर आहे. गेल्या वर्षी याच मुद्द्यावर सतरंजीवर तासभर वाद झाला होता. या वर्षी होणार नाही.

२३ मार्च, रविवार

मॉन्टे कार्लो पद्धत लावली. मला राजा-गुलाम द्यायचे, समोरच्याला पिसलेल्या पत्त्यांतून कुठलीही दोन, मध्ये पाच, कोण जिंकलं ते टिपायचं, पुन्हा पिसायचं. १०,००० डावांत उत्तर एक टक्का इकडेतिकडे हलू शकतं. दहा लाख डाव चालवले की दशांशाच्या पहिल्या घरापर्यंत भरवसा ठेवता येतो. आमचा लॅपटॉप जुना, दुपारभर पंख्याखाली ठेवून चालवला. नेमकं उत्तर हवं तर समोरच्याची १,२२५ पानं आणि त्या प्रत्येकासाठी मधल्या पाचांचे १७,१२,३०४ प्रकार, म्हणजे दोनशे कोटींवर डाव. ते या यंत्राचं काम नाही.

उत्तर : साडेसाठ टक्के. एकरंगी असते तर साडेबासष्ट. सात जण शेवटपर्यंत बसले तर प्रत्येकाचा वाटा १४.३ टक्के, आणि राजा-गुलामाचा विसाच्या आसपास.

या आकड्यांवरून हात चांगलाच आहे. मग १५१ चिंचोके गेले कुठे?

३० मार्च, पाडवा

गुढी उभारून झाल्यावर भाच्याचा फोन. त्याला साडेसाठचा आकडा सांगितला तर म्हणाला, "आत्या, मी म्हणतच होतो, खेळ. डॉयल ब्रन्सनने तर दश्शी-दुर्रीवर जागतिक स्पर्धा जिंकली." खरं आहे. १९७६ आणि १९७७, लागोपाठ दोन वर्षं, शेवटच्या डावात त्याच्या हातात दश्शी आणि दुर्री होती. पण शेवटचा डाव जिंकला म्हणून दश्शी-दुर्री चांगली होत नाही. दोन डावांवरून तोही ठरवत होता आणि अकरा डावांवरून मीही.

फोन ठेवल्यावर वही पुन्हा पाहिली आणि काय चुकतंय ते दिसलं. माझ्या कार्यक्रमातला समोरचा कुठलीही पानं घेऊन शेवटपर्यंत बसतो. सतरंजीवर असं कोण बसतं? दादा सत्ती-दुर्री पहिल्याच फेरीत टाकून देतो. तो चाल करतो तेव्हा त्याच्या हातात काहीतरी असतं. माझा राजा-गुलाम सगळ्या १,२२५ पानांशी लढत नाही. जी पानं टिकतात फक्त त्यांच्याशी लढतो, आणि ती कमजोर नसतात.

६ एप्रिल, रविवार

आता उलट बाजूने मोजणी : राजा-गुलामाला दाबून ठेवणारे हात कोणते आणि किती?

जोड्यांत एक्के, राजे, राण्या, गुलाम. शिवाय एक्का-राजा, एक्का-गुलाम, राजा-राणी. या तिघांत आपलं एक पान समोरच्याकडेही असतं आणि त्याचं दुसरं पान आपल्या दुसऱ्यापेक्षा मोठं असतं. त्या दुसऱ्या पानाला किकर म्हणतात. दोघांनाही राजाची जोडी लागली की डाव किकरवर जातो, आणि आपण हरतो. एक्का-राजासमोर आपला राजा-गुलाम चारातून साधारण एकदा जिंकतो. एक्का-राणीसमोर मात्र एकही पान सामायिक नाही, तिथे आपल्याला चाळीस टक्के मिळतात. राणी आपल्या गुलामाच्या वर आहे, एक्का आपल्या राजाच्या वर, तरी चाळीस. सामायिक पान असणं किती महागात पडतं ते या दोन आकड्यांत दिसतं.

पहिल्या मोजणीत ७२ प्रकार आले. रात्री जेवताना चूक लक्षात आली आणि ताट तसंच ठेवून उठले. एक्का-राजा मी १६ प्रकारे धरला होता, चार एक्के गुणिले चार राजे. पण एक राजा माझ्या हातात आहे. त्याच्याकडे जाऊ शकणारे राजे तीनच. म्हणून १२. तसेच एक्का-गुलाम १२, राजा-राणी १२. राजांची जोडी ६ नव्हे, ३. गुलामांची ३. एक्क्यांची आणि राण्यांची पूर्ण ६-६. एकूण ५४.

आपल्या हातातली पानं समोरच्याच्या हातातून वजा होतात. दरवर्षी वर्गात सशर्त संभाव्यता शिकवते, आणि ती मला आज पहिल्यांदा बोटांना जाणवली.

१२ एप्रिल, शनिवार

१,२२५ पैकी ५४ म्हणजे एका माणसाकडे असा हात असण्याची शक्यता ४.४ टक्के. एकासाठी काहीच नाही. पण आपल्यानंतर बोलणारे किती, त्यावर ती चढत जाते. सात जणांत पहिलं बोलायचं असेल तर मागे सहा जण : २४ टक्के, जवळजवळ चार डावांत एकदा. मागे तीन असतील तर साडेबारा. बटणावर असू, म्हणजे वाटणाऱ्याच्या जागेवर, आणि सगळ्यांनी पॅक केलं असेल तर मागे फक्त दोन ब्लाइंड, म्हणजे पानं पाहण्याआधीच ठरलेले चिंचोके टाकावे लागणारे दोघे : ९ टक्क्यांच्या आत. (आमच्याकडे आजोबांच्या जुन्या कोटाचं मोठं काळं बटणच फिरतं.)

दोन्हीकडे पानं तीच. बटणावरचा माणूस पुढच्या तिन्ही फेऱ्यांत शेवटी बोलतो, इतरांनी काय केलं ते पाहून. त्याचा आकडा माझ्या कार्यक्रमात येत नाही, पण त्याची किंमत वहीत दिसते : गेल्या वर्षीचे चारही मोठे तोटे मी आधी बोलण्याच्या जागेवरून केले होते.

१३ एप्रिल, रविवार

हा दिवस या प्रकल्पाचा गाभा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

दादासारखा सावध माणूस पहिल्या जागेवरून चाल वाढवतो. कशावर? गेल्या वर्षी त्याने दाखवलेल्या पानांवरून मी अशी यादी धरली : दश्श्यांपासून वरच्या सगळ्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, एक्का-गुलाम, राजा-राणी. माझ्या हातात राजा-गुलाम असताना हे सगळे मिळून ७६ प्रकार होतात : जोड्या २४, बाकी ५२. त्यातले मला दाबणारे ५४. उरलेले २२, म्हणजे दश्श्यांच्या जोडीचे ६ आणि एक्का-राणीचे १६. शंभरात एकाहत्तर वेळा मी दबलेली असते. मार्चमध्ये साडेसाठ टक्के दाखवणारा हात या यादीसमोर तिशीच्या आत येतो.

आता फ्लॉप उघडू. राजा, अठ्ठी, तिर्री, तीन वेगळे रंग. मला राजांची जोडी लागली, मन आनंदलं. निदान जोडी तरी लागण्याची वेळ शंभरात ३२ वेळाच येते, म्हणून ती लागली की सोडवत नाही. पण आता दादाकडे काय उरलंय ते मोजू. बाहेर राजे दोनच. एक्का-राजा ८, राजा-राणी ८, राजांची जोडी १, एक्क्यांची ६ : हे २३ माझ्या पुढे. राण्यांची जोडी ६, गुलामांची ३, दश्श्यांची ६, एक्का-राणी १६, एक्का-गुलाम १२ : हे ४३ माझ्या मागे. ६६ पैकी ४३ वेळा मी पुढे आहे, आणि नुसतं एवढं पाहिलं तर कुणीही चाल करेल.

करू. मी चाल केली की एक्का-राणी आणि एक्का-गुलाम बहुतेक पॅक होतात. दश्श्या, गुलाम, राण्या एखादी चाल पाहतील, म्हणजे तेवढेच चिंचोके टाकून टिकतील, दुसरीला जातील. तिसऱ्या चालीपर्यंत कोण राहतं? ते २३. मी जिंकते तेव्हा एका चालीचे चिंचोके मिळतात आणि हरते तेव्हा तीन चालींचे जातात. वहीतले ७ छोटे विजय आणि ४ मोठे तोटे इथे उभे आहेत, एकेक डाव नावानिशी ओळखता येतो.

रिकाम्या हाताने हा हात फार काही घालवत नाही, कारण तो आपण टाकून देतो. तो घालवतो ते जोडी लागल्यावर.

आण्णांना फोनवर एवढं सगळं वाचून दाखवलं. त्यांचं उत्तर : "राजा चांगला शे व माय, पन पुढे कोन बोलना ते देख."

१९ एप्रिल, शनिवार

बाहेर चाळिशी पार. दुपारी वीज गेली, कागदावरच काम केलं.

मोठ्या ब्लाइंडचा प्रश्न राहिला होता. तिथे आपले २ चिंचोके आधीच पडलेले असतात. कुणी ५ ची चाल केली, छोट्या ब्लाइंडने आपला १ सोडून पॅक केलं, तर मध्ये ५, १ आणि २ मिळून ८ असतात आणि मला आणखी ३ टाकायचे असतात. ११ मधले ३, म्हणजे २७ टक्के वेळा जिंकले तरी भरून निघतं.

बटणावरून भाचा चाल करतो तेव्हा तो अर्धीअधिक पानं खेळतो. त्याच्यासमोर राजा-गुलाम अर्ध्याच्या आसपास आहे, सहज पाहायचं. दादाच्या यादीसमोरही २७ पेक्षा जरासं जास्तच निघतं, आणि इथे मी आठवडाभर अडखळले. हिशोब म्हणतो पाहा, वही म्हणते नको.

वहीचं बरोबर आहे. तो टक्का पाचही पानं उघडेपर्यंत बसलं तर मिळणारा आहे. सतरंजीवर तसं बसू देत नाहीत. फ्लॉपवर काही लागलं नाही आणि दादाने पुन्हा चाल केली की मी पॅक करणार, आणि रिव्हरला येऊ शकला असता तो राजा मला कधी दिसणारच नाही. मिळकत कागदावरच्यापेक्षा कमी, आणि लागलं तर तीन चालींचा तोटा. दोन-तीन टक्क्यांची वाढ त्याला पुरत नाही. दादाला सोडायचं, भाच्याला पाहायचं.

२०१५ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन जणांचा, ठरावीक चालींचा होल्डेम जवळजवळ पूर्ण सोडवला. त्यांच्या यंत्रांपुढे माझा लॅपटॉप काहीच नाही, पण सात जणांच्या ओट्यावर दादा कधी बोलतो हे त्यांना माहीत नाही आणि मला आहे. त्या माहितीला माझ्या कागदात जागा दिली.

२७ एप्रिल, रविवार

कागद लिहून झाला. एका बाजूवर बसला :

सात जणांत पहिल्या दोन जागांवर राजा-गुलाम ऑफसूट ठेवून द्यायचा. बटणावर किंवा त्याच्या आधीच्या जागेवर, कुणीच बोललं नसेल तर स्वतः चाल वाढवायची, नुसतं बरोबरीला जायचं नाही. आपल्याआधी सावध माणसाने चाल वाढवली असेल तर पॅक, कुठल्याही जागेवरून. मोठ्या ब्लाइंडवर सैल खेळणाऱ्यासमोर पाहायचं. राजाची जोडी लागली आणि समोरच्याने दोनदा साथ दिली तर तिसरी चाल आपण करायची नाही.

शेवटच्या वाक्यावर माझा जीव आहे. ते १५१ चिंचोक्यांचं आहे.

उद्या संध्याकाळच्या एसटीने माहेरी. घागर भरायची आहे, वहिनीला सांजोऱ्या करायला मदत करायची आहे.

१ मे, गुरुवार, माहेर

काल दुपारी बाया झोक्यावर होत्या, मीही होते. पत्ते रात्री आठनंतर बसले. या वर्षी वहिनी आणि चुलत बहीणही सतरंजीवर आल्या. पहाटेपर्यंत साधारण दीडशे डाव झाले. राजा-गुलाम ऑफसूट मला दोनदा आला.

पहिल्यांदा मी बटणावर, चौकटचा राजा आणि इस्पिकचा गुलाम. पहिल्या जागेवरून दादाने सहाची चाल केली. मी पॅक केलं. फ्लॉपवर राजा, गुलाम आणि चौकी आली. दोन जोड्या लागल्या असत्या. शेवटी दादाने दश्श्यांची जोडी दाखवली. ७६ पैकी जे २२ मला दाबत नाहीत, त्यातली. मी जिंकले असते. हात थोडा थरथरला हे खरं, पण पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा पॅक करेन.

दुसऱ्यांदाही बटणावर, आणि सगळे पॅक. पाचची चाल केली. भाच्याने मोठ्या ब्लाइंडवरून साथ दिली. फ्लॉप नव्वी, छक्की, दुर्री. मला काही नाही. तो थांबला, मी सहा टाकले, त्याने पॅक केलं. त्याचे पाच आणि छोट्या ब्लाइंडचा एक, सहा चिंचोके मिळाले.

आज सकाळी ओट्यावर चहा घेताना आण्णांनी कागद चष्मा लावून दोनदा वाचला. मग विचारलं, "आनि राणी-गुलामनं काय?"

कागद उलटा करून तिथेच मोजलं. एक्क्यांच्या आणि राजांच्या जोड्या ६-६, राण्यांची ३, गुलामांची ३. एक्का-राणी, राजा-राणी, एक्का-गुलाम, राजा-गुलाम प्रत्येकी १२. एकूण ६६. राजा-गुलामापेक्षा बारा जास्त, म्हणजे आणखी एक जागा मागे सरकून खेळायचा. राजा-दश्शी त्याहून वाईट, ७२. दश्शी-गुलाम धुळ्याला गेल्यावर.